राजाच्या सहीला कुंकू

एसीच्या गार हवेतून झेंडूचा वास आला की ओळखावं, खंडेनवमी उजाडली. एरवी हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात वासाला बंदी आहे. डब्यातली मेथीसुद्धा तिथे दबकून असते. पण नवरात्राचा हा शेवटचा दिवस आला की नियम आपणहून रजेवर जातात. अ‍ॅडमिनमधला गणेश हळदीकुंकवाचं ताट घेऊन टेबलोटेबली फिरतो, प्रत्येक लॅपटॉपला बोट लावतो, सर्व्हरच्या खोलीबाहेर नारळ फुटतो आणि अमेरिकेतले साहेब अर्धवट झोपेत व्हिडिओवरून हात जोडतात. मागे एकदा कुंकवाची चिमूट कीबोर्डच्या फटीत गेली आणि एका बलाढ्य परदेशी बँकेचा कारभार संध्याकाळपर्यंत ठप्प झाला, असं मी नव्या पोरांना सांगते. ते अगदीच खोटं नाही. माझा कीबोर्ड बंद पडला होता.

यंदा गणेश माझ्या टेबलाशी आला, त्यानं बोट वाटीतल्या पाण्यात बुडवलं, मग कुंकवात टेकवलं, आणि मी अशी किंचाळले की तीन मजले वरच्या उपाहारगृहात कुणाच्या तरी हातातला समोसा पडला.

"कोरडं लाव रे! कोरडं!"

"मॅडम, एका थेंबानं काय होतंय लॅपटॉपला?"

त्याला काय सांगणार? लॅपटॉप कंपनीचा आहे, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण त्या ओल्या लाल बोटापाशी माझ्या डोळ्यांदेखत एक राजा भिजत होता.

माझे बाबा युरोपातल्या राजेराण्यांच्या सह्या आणि हस्तलिखित पत्रं जमवायचे. कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या राज्यात राहून. लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे छंद करतात. शेजारचे काड्यापेट्यांची चित्रं जमवत, समोरच्या काकू क्रोशाची तोरणं विणत. बाबांची ऐपत सगळ्यात कमी, म्हणून त्यांनी सगळ्यात मोठी माणसं धरली.

हे खूळ कारखान्यात लागलं. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. म्हणजे नटबोल्टपासून ग्रीसच्या पिंपापर्यंत काय आलं, काय गेलं, काय चोरीला गेलं हे त्यांना पाठ. एकदा युरोपातून यंत्राचे सुटे भाग आले. त्या खोक्यातल्या पत्रावर वर एक बारकासा मुकुट छापला होता आणि खाली लिहिलं होतं की आम्ही राजघराण्याचेही पुरवठादार आहोत. दुसऱ्या कुणी ते पत्र फायलीत लावलं असतं. बाबांनी विचार केला, हा माणूस राजाला माल देतो आणि मलाही देतो, म्हणजे मी आणि राजा एकाच दुकानातलं गिऱ्हाईक. मग एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याला पत्र टाकायला काय हरकत आहे?

टाकलं. आयुष्यभर त्यांनी पुरवठादारांना पत्रं लिहिली होती, त्यामुळे राजालाही त्याच वळणाचं गेलं. "रिस्पेक्टेड मॅजेस्टी, आय बेग टू स्टेट" अशी सुरुवात. मग मागणी: आपल्या हस्ताक्षरातली सही, नग एक. शेवटी, माल सुस्थितीत पोचल्यास पोच देण्यात येईल. सोबत टपालकचेरीतून आणलेलं, परदेशातून येणाऱ्या उत्तराच्या टपालखर्चाचं कूपन. आणि काय सांगू, दोन महिन्यांनी उत्तर आलं! जाड दुधी कागद, असा कडक की आईला वाटलं लग्नाची पत्रिका आहे, आता आहेर करावा लागणार. आत राजाचा फोटो आणि फोटोवर सही.

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीचा दर्जा वाढला. पोस्टमन इतर घरांची पत्रं खालच्या पेटीत टाकायचा, आमची मात्र जिने चढून वर आणून द्यायचा आणि दारात उभा राहून विचारायचा, "आज कोण?" बाबा आतून सांगायचे, "डोंगरातला राजपुत्र." तो देश एवढासा, की आपल्या पीएमटीची बस तिथे गेली असती तर कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत पलीकडच्या देशात पोचली असती. पाकिटांवरच्या तिकिटांसाठी पोरांची जिन्यात रांग लागायची. ती रांग कधीकधी पौड रोडपर्यंत जायची. बरं, गेटपर्यंत.

बाबा रविवारी स्कूटरवरून अप्पा बळवंत चौकात जायचे, प्लास्टिकची कव्हरं आणायचे आणि एकेक पत्र त्यात सरकवून अल्बममध्ये लावायचे. एकदा कव्हरात गेलेलं पत्र पुन्हा बाहेर येत नसे. बघायचं ते प्लास्टिकवरून. हात लावायचा तो प्लास्टिकला. मला वाटायचं, राजे लोक नुसते थंड देशात राहतात असं नाही, ते हाताला गुळगुळीतही लागतात.

हळूहळू त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. "मंजू, गादीवरचा राजा फोटो पाठवतो. गादीवरून उतरवलेला राजा पत्र पाठवतो." खरंच होतं ते. गादीवरच्यांकडे कारभारी असतात, छापील मजकूर असतो. पण युरोपात असेही पुष्कळ जण होते ज्यांचं राज्य केव्हाच गेलं होतं. दुसऱ्याच्या देशात, भाड्याच्या घरात राहायचे, नावापुरते राजे. त्यांना वेळच वेळ. त्यांची उत्तरं लवकर यायची, पत्ता हातानं लिहिलेला असायचा आणि तिकीट जरा वाकडं चिकटवलेलं. बाबा त्या वाकड्या तिकिटावरून बोट फिरवून म्हणायचे, "हे राजानं स्वतः चाटलंय."

"ई!" आई म्हणायची.

आता मागे वळून पाहते तेव्हा ती सगळी वर्षं मला ऑक्टोबरच्या उन्हातच दिसतात. तेव्हा देशाची दारं उघडली होती म्हणे. आमच्याकडे ती केबलच्या वायरीतून, शीतपेयांच्या बाटल्यांतून आणि संगणकाच्या क्लासांतून उघडली. कर्वे रोडला दर दोन दुकानांआड एक क्लास. काल जिथे पिठाची गिरणी होती तिथे आज सी प्लस प्लस. मी कॉलेज करून संध्याकाळी अशाच एका क्लासला जायचे. बाहेर चपला काढून, पाय पुसून आत जायचं, कारण संगणकाला धूळ चालत नाही. एसीसुद्धा संगणकांसाठी होता, आम्हाला तो शेजारी बसल्याबद्दल फुकट मिळायचा.

तोच संगणक तिकडे पिंपरीत बाबांच्या स्टोअर्समध्ये शिरला. बाबांच्या डोक्यात होतं ते सगळं त्याच्यात भरलं. भरायला बाबांनीच मदत केली. भरून झाल्यावर साहेबांनी बाबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला. स्वेच्छा कुणाची, ते कागदावर नव्हतं.

पैशाचं ठीक होतं, त्याबद्दल घरात कधी रडगाणं झालं नाही. प्रश्न सकाळचा होता. कंपनीची बस ज्या वेळेला कोपऱ्यावर यायची त्याच्या आधी बाबा उठायचे, दाढी करायचे, बूट पॉलिश करायचे. बस यायची, हॉर्न वाजवायची, जायची. आणि बाबा चकचकीत बूट पायात घालून, पॉलिशच्या वासात, पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. आई पोहे आणून द्यायची. ते म्हणायचे, "ठेव." ते "ठेव" मला अजून ऐकू येतं. एवढा बोलका माणूस, पण सकाळी एकाच शब्दावर आला होता.

त्या पावसाळ्यात बाबांनी एक पत्र लिहिलं. एका म्हाताऱ्या राजाला. तरुणपणी देश सुटलेला, तेव्हापासून परक्या गावात राहणारा. नेहमीची मागणी लिहून झाल्यावर त्यांनी खाली एक ओळ घातली. इंग्रजी बरोबर आहे का ते पाहायला मला दाखवली, म्हणून मला माहीत. त्यांनी विचारलं होतं: महाराज, गादी गेल्यावर आपण सकाळी उठून काय करता?

मी म्हटलं, "इंग्रजी बरोबर आहे." 

उत्तर नवरात्रात आलं. घटाच्या परडीतलं धान्य नुकतं उगवून वर येत होतं, घरभर ओल्या मातीचा आणि उदबत्तीचा वास. पोस्टमन म्हणाला, "आज कोण?" बाबांनी पाकीटच ओढून घेतलं. आत टाइप केलेल्या चारच ओळी. आपल्या पत्राबद्दल आभार, आपल्या देशाला शुभेच्छा. सकाळचा काही उल्लेख नाही. आणि खाली निळ्या रंगात सही. फक्त पहिलं नाव, एक लांब शेपूट काढलेलं.

"राजाला आडनाव लागत नाही," बाबा म्हणाले. पण त्यांचे डोळे त्या चार ओळींतून पुन्हा पुन्हा जात होते, खिशातली हरवलेली किल्ली शोधावी तसे. मग ते म्हणाले, "सही हातानं केली असेल, तर कागद त्याच्या समोर आला असणार. कागद समोर आला, तर माझं पत्रही सोबत असणार. सही करायच्या आधी माणूस वाचतोच ना?"

झालं. सगळं त्या सहीवर येऊन ठेपलं. सही हाताची असेल, तर गादी गेलेल्या एका माणसानं नोकरी गेलेल्या दुसऱ्या माणसाचा प्रश्न वाचला होता. सही छापील असेल, तर बाबा आणि पलंगाची कड.

आणि पहिल्या मजल्यावर राहत होते मेश्राम काका. मूळचे नागपूरचे, बदली होऊन पुण्यात आले ते इथेच निवृत्त झाले. उभा जन्म बँकेत, काम एकच: चेकवरची सही खरी की खोटी ते ठरवणं. असं म्हणतात की त्यांच्या काउंटरसमोर आल्यावर माणसांना स्वतःची सही विसरायला व्हायचं. त्यांनी एकदा आपल्या साहेबांचीच सही नापास केली होती, साहेब समोर बसून करत असताना. पुण्यात राहून बोलणं त्यांनी इथलं उचललं होतं, आणि रागवायचं झालं की नागपूरचं काढायचे.

त्यांनी प्लास्टिकवरून सही पाहिली. चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली.

"शिरोळकर, ही मी पास करणार नाही."

"का?"

"एक तर अपूर्ण आहे. आडनाव नाही."

"अहो, राजा आहे तो!"

"असेल. चेक परत जाईल. दुसरं म्हणजे, छापील आहे. रंग बघा कसा सगळीकडे सारखा. असे हजारो कागद छापून ठेवतात आणि तुमच्यासारख्यांना एकेक पाठवतात."

"कव्हरामुळे सारखा दिसतो."

"मग काढा की कव्हरातून."

बाबांनी अल्बम छातीशी धरला. "कव्हरातून काही काढणार नाही मी."

"काहून रागावता? नका काढू. तुमचा राजा, तुमचं प्लास्टिक."

बाबा जिना चढून वर आले तेव्हा त्यांचे चकचकीत बूट पहिल्यांदा वाजले नाहीत.

खंडेनवमीच्या पहाटे बाबा आणि मी झेंडू आणायला मार्केट यार्डात गेलो. दर वर्षी जायचो. कोथरूडच्या कोपऱ्यावर सोन्याच्या भावानं मिळणारा झेंडू तिथे ढिगानं पडलेला असतो. अख्खी जमीन पिवळी आणि केशरी, हमाल गुडघ्यापर्यंत फुलांत, आणि व्यापाऱ्यांचा ओरडा असा की फुलं घाबरून उमलावीत. एरवी बाबा भाव करायला लागले की शेजारचे गाळे बंद पडायचे. त्या दिवशी त्यांनी सांगितला तो भाव दिला. व्यापाऱ्यालाच ते पटेना. त्यानं संशयानं दोन ओंजळी जास्त घातल्या आणि विचारलं, "कंपनीसाठी का साहेब?" कारण दर वर्षी ते कारखान्यासाठीही पोतं न्यायचे. यंत्रांना हार, दारांना तोरणं, स्टोअर्सच्या प्रत्येक खणाला एक फूल.

"घरासाठी," बाबा म्हणाले.

पोतं माझ्या मांडीवर, स्कूटर खंडोजीबाबा चौकातून वळत होती आणि फुलांचा तो कडवट, ओला वास नाकात जात होता. बाबांची पाठ मला समोर दिसत होती. पाठीला चेहरा नसतो हे मला त्या दिवसापर्यंत खरं वाटत असे.

घरी आईनं पुढच्या खोलीत पाट मांडला होता. ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं त्या दिवशी पाटावर येतं. विळी, सुऱ्या, पाटामागे आईचं शिवणयंत्र, स्कूटरची किल्ली, माझं क्लासचं पुस्तक आणि एक फ्लॉपी. आणि दर वर्षी मधोमध बाबांचं व्हर्नियर कॅलिपर. केसाची जाडी मोजणारं ते पोलादी हत्यार बाबा फक्त पूजेपुरतं कारखान्यातून घरी आणायचे. निवृत्त होताना ते जमा करून टाकलं होतं. पाटावर मधोमध मोकळी जागा होती.

"अहो, तुमचं काय ठेवू?"

बाबा खांद्यावर पंचा टाकून आंघोळीला निघाले होते. "माझं काय राहिलंय? चपला ठेव."

न्हाणीघराचं दार लागलं. आई थोडा वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग उठली, कपाट उघडलं, अल्बम काढला. शेवटचं पान. "देवापुढे प्लास्टिक नको," असं स्वतःशीच म्हणत तिनं राजाचं पत्र कव्हरातून ओढून काढलं आणि पाटावर मधोमध, शिवणयंत्राला टेकवून, उभं केलं.

"आई, बाबा ओरडतील."

"ओरडू देत. हत्यार आहे त्यांचं. दुसरं काय आहे?"

तिनं विळीला कुंकू लावलं, सुऱ्यांना लावलं, फ्लॉपीलाही लावलं. पत्राला कोरडं लावलं, ते उभ्या कागदावरून खाली सांडलं. मग तिनं बोट पाण्यात बुडवलं. आणि लावायचं कुठे? तर आईचा नियम ठरलेला, हत्याराच्या मुठीला कुंकू लावायचं नाही, पात्याला लावायचं. विळीच्या धारेला, यंत्राच्या सुईला, पेनाच्या निबाला. जिथून काम होतं तिथे. त्या पत्राचं पातं कुठलं? तिनं क्षणभर पाहिलं आणि राजाच्या सहीवर ओलं बोट टेकवलं.

सही हलली.

मी वाढवून सांगत नाहीये. या एका गोष्टीत मी एक अक्षर वाढवलेलं नाही. निळा रंग जागा झाल्यासारखा हलला, लाल थेंबाच्या कडेनं पसरत गेला, मध्ये जांभळा झाला, आणि त्या लांब शेपटातून एक ओघळ टाइप केलेल्या शुभेच्छांच्या दिशेनं निघाला. आईनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात नेला. गालावर कुंकवाचं बोट उमटलं.

तेवढ्यात पंचा नेसलेले बाबा दारात.

मी कान बंद करून घ्यायची तयारी केली. बाबांचा आवाज एरवीच असा की आम्हाला फोनची गरज नव्हती. पण ते पाटाजवळ आले, ओले पाय फरशीवर तसेच, गुडघ्यांवर बसले आणि नाक कागदाला लागेपर्यंत वाकले.

"अहो, मी मुद्दाम नाही हो..."

"पसरली," बाबा म्हणाले.

"हो ना, मला काय माहीत..."

"अगं, पसरली! छापलेली असती तर पसरली असती का? शाई आहे ही! खरी शाई!"

आणि तो माणूस पत्र दोन्ही हातांवर धरून, पंचा नेसलेला, केसांतून पाणी गळतंय अशा अवस्थेत जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेला. वाटेत भेटलेल्या काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. मी पाठोपाठ.

मेश्राम काकांनी दार उघडलं. दुसऱ्या कुणी आधी बाबांकडे पाहिलं असतं. त्यांनी आधी सही पाहिली.

"शाई खरी आहे," ते म्हणाले. "मानलं. पण कुंकू कशाला लावलंत सहीला?"

"ते जाऊ द्या! शाई खरी, म्हणजे सही खरी!"

"तसं नाही शिरोळकर. हल्ली यंत्रं असतात. पेन धरतात आणि साहेबाची सही मारत सुटतात. त्यातही शाईच भरतात."

बाबांचा चेहरा असा उतरला की मला मेश्राम काकांना तिथेच कोंडून ठेवावंसं वाटलं. काकांनाही काहीतरी वाटलं असावं. त्यांनी कागद हातात घेतला, पहिल्यांदाच, प्लास्टिकशिवाय. मागून बोट फिरवलं. "ओला आहे. वाळू द्या. ओल्या कागदावर दाब कळत नाही. उद्या बघतो."

त्या दिवशी आमच्या बाल्कनीत दोरीवर राजा वाळत होता, दोन चिमट्यांत, माझ्या ओढणीच्या शेजारी. आत स्वयंपाकघरात दसऱ्याच्या श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलेला. दोन्हींतून ओल निघून जायची वाट बघत घर बसलं होतं. आई दर थोड्या वेळानं चक्का दाबून बघायची, बाबा दर थोड्या वेळानं कागद.

दसऱ्याच्या सकाळी दारावर तोरण चढत असतानाच मेश्राम काका वर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही कडक इस्त्रीचे. दसरा त्यांच्या घरचाही मोठा दिवस, धम्मदीक्षेचा. सगळं कुटुंब विहारात जायला खाली तयार उभं होतं. "मला पाच मिनिटं द्या म्हणून आलोय," म्हणाले आणि खिशातून टॉर्च काढला.

पडदे ओढले. त्यांनी पत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं आणि टॉर्च वरून न धरता टेबलाच्या पातळीला, आडवा धरला. आणि कागदाच्या मागच्या बाजूला, उजेडाच्या कडेला, सही उठून दिसली. उलटी. बारीक वरंब्यासारखी. पेनानं कागद मागून वर ढकलला होता.

आम्ही कुणी श्वास घेत नव्हतो. श्रीखंडही थांबलं असावं.

"यंत्राचा दाब सगळीकडे सारखा असतो," काका पुटपुटले. "हे बघा. इथे सुरुवातीला जोर आहे. इथे हात थांबलाय. इथे पुन्हा टेकवलाय. आणि हे शेपूट बघा, शेवटाला दाबच नाही, नुसतं ओढत नेलंय." त्यांनी टॉर्च विझवला. "म्हातारा हात आहे. जरा कापतो. यंत्र कापत नाही. पास."

बाबांनी पत्र सुलटं केलं. मग हळू आवाजात विचारलं, "म्हणजे त्यानं वाचलं असेल?"

"ते सहीवरून सांगता येत नाही हो." काका दारापर्यंत गेले आणि थांबले. "पण घाईत नव्हता एवढं सांगतो. कागदापाशी बसला होता जरा."

खालून हाक आली. काका दोन पायऱ्या उतरले, परत चढले. "आणि ते बाकीचे राजे? तेही प्लास्टिकमधून काढावे लागतील. असं वरवर बघून मी कुणाला पास करणार नाही. उद्या सकाळी येऊ का?"

"या," बाबा म्हणाले. "बस जायच्या आधी या."

कुठली बस, ते काकांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, बूट पॉलिश केले आणि बस हॉर्न वाजवून गेली तेव्हा दोघं टेबलाशी भांडत होते. पोहे दोन बशांत गेले आणि दोन्ही बशा रिकाम्या परत आल्या. पुढे कित्येक वर्षं हेच. एकेका राणीला पालथं घालायचं, आडवा टॉर्च, आणि मग "नापास!" "अहो, नीट बघा!" "बघितलं, छापील आहे, तुमची राणी ऑफिसला गेलेलीच नाही!" बाबांच्या अल्बममधले निम्म्याहून जास्त राजे मेश्राम काकांनी घरी पाठवले. उरले ते बहुतेक सगळे गादीवरून उतरलेले. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट नव्या पत्रांची भर पडावी म्हणून ते दुप्पट जोमानं लिहायला लागले, नापास करायला माल हवा म्हणून.

त्या म्हाताऱ्या राजालाही त्यांनी रीतसर कळवलं. ते पत्रही मी तपासलं. कळविण्यास खेद होतो की आपली सही धार्मिक कामात भिजली. बदली नग पाठवण्याची आवश्यकता नाही, आहे तो उत्तम आहे. आणि खाली: आपण सकाळी काय करता ते समजलं नाही. मी आपली सही तपासतो.

त्याचं उत्तर आलं नाही. बाबा म्हणाले, "बागेत असेल."

आता माझ्या बोटांत शाई नाही. दिवसाला पन्नास ठिकाणी मी सही करते, म्हणजे एका चौकोनावर बोट टेकवते. जगातलं सगळं पाणी वाट्या भरभरून त्यावर ओतलं तरी ती पसरणार नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मेश्राम काका लेकाकडे नागपूरला असतात, फोन केला की आधी माझा आवाज पास करतात आणि मग बोलतात. अल्बम माझ्या कपाटात आहे, आणि राजाचं ते डागाळलेलं पत्र फ्रेममध्ये, पुढच्या खोलीत.

एकदा घर आवरताना लक्षात आलं, बाबांच्या हातचं एक अक्षर घरात नाही. कारखान्यातलं कारखान्यात राहिलं. आणि जन्मभर लिहिलेली ती शेकडो पत्रं सगळी युरोपात, कुठल्या कुठल्या राजवाड्यांच्या तळघरांत, टोपल्यांत, भाड्याच्या घरांच्या खणांत. राजांची अक्षरं आमच्याकडे आणि आमच्या बाबांचं अक्षर राजांकडे. एवढा व्यवहार करून स्टोअर्सवाल्या माणसानं स्वतःचा एक नग शिल्लक ठेवू नये!

मग फ्रेम पुसायला काढली. मागच्या पुठ्ठ्यावर, शाईच्या पेनानं, त्या ताठ, पुढे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं:

सूचना. सही खरी आहे. तपासणी झालेली आहे. कृपया पुन्हा ओली करू नये.

मी फरशीवर बसून हसले, इतकी की आई आतून काठी टेकत आली. तिनं वाचलं. म्हणाली, "मला टोमणा मारलाय." आणि पदरानं पुठ्ठ्यावरची धूळ पुसत बसली, अक्षरांना धक्का न लावता, कडेकडेनं.

यंदाही ऑफिसातून घरी पोचले तेव्हा आईनं पाट मांडला होता. विळी, शिवणयंत्राची सुई, माझा दुसरा लॅपटॉप. मधोमध फ्रेम. मी बोट वाटीतल्या पाण्यात बुडवलं, सवयीनं, आणि तिथेच थांबले. मग ते साडीला पुसून कोरडं केलं.

"पात्याला लाव," आई म्हणाली.

मी फ्रेम उलटी केली. बाबांची सूचना वर आली. आडव्या पुठ्ठ्यावर कोरडं कुंकू सांडत नाही, म्हणून चिमूटभर नीट टेकवलं, अक्षरांच्या शेजारी. आमच्या घरात वर्षातून एक दिवस राजा पालथा असतो.